बिनचेंडूचा फटका

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे गृहिणींनी पुरुषांच्या भूतकाळावर घातलेली वार्षिक धाड होय. कोजागरी उलटली की आमच्या बोईसरच्या घरात शिडी बाहेर येते, आमची ही डोक्याला फडके बांधते, आणि माळ्यावरची एकेक वस्तू खाली उतरवून "हे हवंय का?" असे विचारले जाते. हा प्रश्न आहे, असे समजण्याची चूक मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत केली होती. तो प्रश्न नसतो. तो निकाल असतो. आरोपीला फक्त वाचून दाखवायचा असतो.

यंदा माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उतरला. तो गंजला होता, त्याचे झाकण निघत नव्हते, आणि हलवला की आत कागदांची सळसळ होत होती. हिने निकाल उच्चारण्याच्या आत मी तो डबा काखोटीला मारला आणि गॅलरीत पळालो. वयाच्या पन्नाशीला पळणे शोभत नाही, हे मला मान्य आहे; पण त्या डब्यात काय आहे हे मला ठाऊक होते, आणि ते दुसऱ्या कोणाला ठाऊक होऊ नये अशी गेली कित्येक वर्षे माझी इच्छा होती.

डब्यात क्रिकेटपटू होते. बबलगमबरोबर मिळालेले, पत्त्यांच्या कॅटमधले, 'स्पोर्टस्टार' आणि 'एकच षटकार' यांच्या पानांतून कात्रीने कापून काढलेले. शे-दीडशे तरी असतील. मी ते पायरीवर मांडले आणि एकटाच हसत बसलो.

तुम्ही अशी जुनी चित्रे कधी नीट पाहिली आहेत काय? एक फलंदाज आहे. तो कव्हर ड्राइव्ह मारतो आहे. पाय पुढे आला आहे, कोपर वर आहे, बॅट सरळ आहे, सारे पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त चेंडू नाही. यष्ट्याही नाहीत. मागे मेंदीचे कुंपण आहे आणि कुंपणाला कोणाची तरी सायकल टेकवलेली आहे. आणि हा गृहस्थ चेंडू जिथे असायला हवा तिथे न पाहता आपल्याकडे पाहतो आहे, "बरोबर उभा आहे ना मी?" असे विचारल्यासारखा. दुसरा गोलंदाज आहे. त्याने हात उंच केला आहे, पण पाय जागचे हललेले नाहीत, त्यामुळे तो गोलंदाजी करतो आहे की मास्तरांकडे बाहेर जाण्याची परवानगी मागतो आहे, हे कळत नाही. एक यष्टिरक्षक खाटेखाली आठ आणे पडल्यासारखा वाकला आहे. एक फिरकी गोलंदाज चेंडू अशा प्रेमाने न्याहाळतो आहे, की तो आता नाकाशी नेऊन "पायरी आहे की हापूस?" असे विचारील. काहींच्या बाबतीत छापखान्यात रंग सरकले आहेत. त्यांच्या मिशा गालावर आणि ओठ हनुवटीवर आले आहेत.

याला कारण आहे. त्या काळी मैदानाच्या कडेवरून खेळपट्टीवरचा क्षण टिपायचा तर लांब पल्ल्याचे भिंग हवे, आणि ते फार थोड्यांपाशी असे. तेव्हा छायाचित्रकार सरावाच्या वेळी खेळाडूला गाठी, एका बाजूला नेई आणि म्हणे, "हं, करा बघू फटका." खेळाडू बिचारा फटका करून तसाच उभा राही. ताशी 130 किलोमीटर वेगाने येणाऱ्या चेंडूपुढे जो डगमगला नसेल, तो त्या काळ्या डबड्यापुढे लग्नाच्या बैठकीतल्या नवऱ्या मुलासारखा अवघडून जाई. सारी हिकमत हालचालीत असलेल्या माणसाला हालचाल बंद करून उभे केले, की जे व्हायचे ते होते.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याला मी यांतली दोन-चार चित्रे मोबाइलवरून पाठवली. उत्तरादाखल त्याने एक व्याख्यानच पाठवले. तिकडे म्हणे हा पोरखेळ नाही. प्रौढ, मिळवते, बायकामुलांचे लोक अशी चित्रे जमवतात. मूळ चाल सिगारेटवाल्यांची. मऊ पाकिटात सिगारेटी चेपू नयेत म्हणून ते एक जाड कार्ड घालीत. मग कोरे कशाला, म्हणून त्यावर चित्र छापू लागले. इंग्लंडात विल्स कंपनीने 1896 साली 50 क्रिकेटपटूंचा संच काढला होता. अमेरिकेत तेच बेसबॉलचे झाले. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा सातासमुद्रापलीकडे स्थायिक झालेला चुलतभाऊ. चेहरेपट्टी तीच, फक्त घाई जास्त. सिगारेटींच्या जागी पुढे तिथेही बबलगम आले.

आणि तिथल्या फजित्या आमच्यापेक्षा मोठ्या! टॉप्स नावाच्या कंपनीने 1957 साली हँक आरन या थोर फलंदाजाचे चित्र काढले, तर फिल्म उलटी बसली आणि उजव्या हाताने खेळणारा आरन जन्माचा डावखुरा झाला. 1959 साली ल्यू बर्डेट नावाच्या गोलंदाजाने छायाचित्रकाराची मुद्दाम फिरकी घेतली: स्वतः उजव्या हाताचा असून डावखुऱ्याचा पवित्रा घेऊन उभा राहिला. तेही चित्र तसेच छापून आले. 1969 साली तर कहर झाला. ऑरेलिओ रॉड्रिगेझ या खेळाडूचे म्हणून जे चित्र छापले, ते त्याच्या संघाच्या बॅटी उचलणाऱ्या पोऱ्याचे निघाले. पोऱ्या हातात बॅट घेऊन हसतो आहे. का हसणार नाही?

शेवटी भाच्याने लिहिले होते, की 1952 सालच्या संचातली न खपलेली चित्रे कंपनीने 1960 साली बोटीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवली. आणि त्याच संचातले मिकी मँटल या खेळाडूचे एक चित्र 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले. म्हणजे आपले सुमारे 100 कोटी रुपये. हे मी हिला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग आपलाही डबा चिंचणीच्या समुद्रात टाकून बघू. बाकीचे लोक टाकतील तेव्हा भाव येईल."

पण मी पळालो होतो तो भावासाठी नव्हे. डब्याच्या तळाशी आठ घड्या घातलेले एक मोठे चित्र होते, आणि त्या चित्राची गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नव्हती.

1987 सालची गोष्ट. त्या वर्षी रिलायन्स विश्वचषक आपल्याकडे होता. 8 ऑक्टोबरला सुरू झाला आणि ऐन दिवाळीच्या सुटीत सामने आले. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते आणि आम्ही बोईसरला दोन खोल्यांत राहत होतो. मी अकरा वर्षांचा होतो, ताई चौदा. त्या सुमारास 'बिग फन' नावाच्या बबलगमबरोबर खेळाडूंची चित्रे मिळत, आणि त्यांवर धावा नाहीतर बळी छापलेले असत. आमच्या दुकानदाराने यावर आपली स्वतःची एक योजना काढली होती: दोनशे धावा आणून द्या आणि एक मोठे रंगीत चित्र घेऊन जा. अख्खी आळी चघळू लागली. वाण्याकडे पाठवलेली मुले उरलेल्या सुट्या पैशांऐवजी गाल फुगवून परत येऊ लागली.

ताईला धावांचे काही नव्हते. तिला चेहऱ्यांचे वेड होते. ती प्रत्येक चित्राला नाव ठेवी आणि ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिही. तो हात वर केलेला गोलंदाज 'बाहेर जाऊ का?'. डोळे मिटलेला एक फलंदाज 'गणिताचा निकाल'. ब्लेझर घालून ताठ उभा असलेला एक कर्णधार 'वरात अडली आहे'. पावसाळी टोपी घातलेला एक इंग्रज 'बोंबील वाळत घातलेत, ढग आले'. रात्री दिवा मालवल्यावर ती अंथरुणातून हळूच एकेक नाव म्हणे, आणि आम्ही दोघे चादरीचा बोळा तोंडात कोंबून हसत असू. वडिलांचा "झोपा!" असा आवाज आला की चादर थरथरत राही. ती चित्रे हास्यास्पद होती हे खरे. पण तशी ती आळीतल्या सगळ्याच मुलांकडे होती. हसू आमच्याच घरात होते, कारण ते ताईचे होते.

31 ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडशी सामना झाला. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले आणि मग गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले पहिले आणि शेवटचे शतक ठोकले. सगळी चाळ टीव्हीवाल्या शेजाऱ्यांच्या खोलीत कोंबली होती. ताईही तिथेच होती. माझ्यापाशी एकशे एक्क्याण्णव धावा होत्या. नऊ कमी पडत होत्या. मी 'दोन नंबरला जाऊन येतो' म्हणून उठलो, घरी आलो, ताईच्या कंपासपेटीतून तीन चित्रे काढली – एक चौकार, एक तिघी, एक दुहेरी – आणि धावत दुकान गाठले. त्यांत 'बाहेर जाऊ का?' होते, हे मी पाहिले होते. पाहूनही दिले.

मोठे चित्र मिळाले. रस्त्याच्या दिव्याखाली मी ते उघडले. कोणाचे होते ते सांगत नाही. मोठा खेळाडू आहे, आणि त्याच्या खेळाने मला पुढे फार आनंद दिला आहे. पण त्या चित्रात तो बागेतल्या हिरवळीवर गुडघा टेकून स्वीप मारत होता, आणि समोर चेंडू नसल्यामुळे, हरवलेली चप्पल बॅटीने पलंगाखालून ओढून काढत असल्यासारखा दिसत होता. असले चित्र एकट्याने पाहण्यात काय हशील? ते ताईला दाखवायला हवे होते. आणि नेमके तेच आता करता येत नव्हते. दाखवले की दोनशे धावा कुठून आल्या हे सांगावे लागले असते. मी त्याच्या आठ घड्या घातल्या आणि लपवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ताईने चित्रे शोधली. मी म्हणालो, "उंदरांनी नेली असतील." हे बोलायला मला काही वेळ लागला नाही, याचे आजही आश्चर्य वाटते. वडिलांना ते पटले. त्यांनी बाजारातून पिंजरा आणला, आईने सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवला, आणि दैवदुर्विलास असा की रात्री खरोखरच एक उंदीर सापडला. लहानसा होता. सकाळी आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. ताईने पिंजऱ्याजवळ तोंड नेऊन त्याला विचारले, "का रे खाल्लीस?" तो काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही. वडील पिंजरा घेऊन नाल्यापलीकडे गेले आणि रिकामा पिंजरा घेऊन परत आले. नंतर 5 नोव्हेंबरला वानखेडेवर भारत उपांत्य सामना हरला, तेव्हा सारी चाळ हळहळली. मला मात्र आपल्यामुळेच हरला असे वाटत होते.

यंदा मी ते चित्र घेऊन भाऊबीजेला पालघरला निघालो. सांगून टाकायचे असे ठरवले होते. खरे म्हणजे सांगायला काहीतरी हवे, हेही कारण होते. भाऊजी दीड वर्षापूर्वी आषाढात गेले. मागच्या वर्षी दिवाळी झालीच नाही. त्यानंतर मी चार-सहा वेळा ताईकडे गेलो, पण दर खेपेला आम्ही पाण्याच्या टाकीविषयी आणि बँकेच्या कागदांविषयी बोलून उठत होतो. तिची चेष्टा कुठे गेली होती कोण जाणे. भाऊजींचा एक फोटो तिने मोठा करून भिंतीवर लावला होता. पण ती त्याच्याकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसत असे.

लोकल गाडीत समोरचा मुलगा मोबाइलवर क्रिकेटची चित्रे सरकवत होता. काय चित्रे ती! घामाचा थेंब दिसतो, चेंडूची शिवण दिसते, उडालेली बेल हवेत थबकलेली दिसते. एकही माणूस अवघडलेला नाही. आणि तो मुलगा एकाही चित्रावर हसत नव्हता, थांबतही नव्हता.

मला याच मार्गावरची एक हकीकत आठवली. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर 2018 साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतला, तेव्हा अंधेरीला लोकल पकडून घरी आला. डब्यातले लोक त्याच्याकडे टकमक पाहत राहिले. हा तोच की तसाच दिसणारा कोणी, याचा निर्णय होईना. तेव्हा कॉलेजच्या काही मुलांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून समोरच्या माणसाशी ताडून पाहिला. पुढे जानेवारी 2021 मध्ये याच पोराने ब्रिस्बेनला 67 धावा केल्या, सामन्यात सात बळी घेतले आणि पालघरचे नाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचवले. पण त्या दिवशी डब्यात साक्षात माणूस बसलेला असताना खरा मानला गेला तो फोटो! आम्हा भावंडांचे याच्या अगदी उलट होते. आम्ही चित्रावर हसत होतो, कारण माणूस आम्हाला ठाऊक होता. तो धावतो कसा, वळतो कसा हे आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिले होते; आणि तसा माणूस कुंपणापाशी सायकलीशेजारी लाकडासारखा उभा पाहून आम्हाला हसू फुटत होते. चित्र चुकले आहे हे कळायला आधी माणूस माहीत असावा लागतो. उमरोळी मागे पडली तेव्हा मला हे सुचले, आणि पालघर येईपर्यंत मी त्यावर फार खूश होतो.

ओवाळून झाले. ताटात मी पाकीट ठेवले आणि त्यावर ती आठ घड्यांची चित्राची पुडी ठेवली. मग एका दमात सगळे सांगून टाकले – नऊ धावा, कंपासपेटी, नागपूरचा सामना, दुकानदार, 'बाहेर जाऊ का?'.

ताई ऐकत होती. मग म्हणाली, "कसली चित्रं रे?"

मी थक्क झालो. माणसाने आपले पाप जवळजवळ चाळीस वर्षे जिवापाड सांभाळावे, आणि ज्याच्यावर अन्याय केला त्याला ते आठवूसुद्धा नये, यासारखा अपमान नाही.

"अगं, उंदराने खाल्ली म्हणून..."

"उंदीर!" ती एकदम म्हणाली. "तो उंदीर आठवतो मला. एवढासा होता. म्हणजे त्याने काहीच खाल्लं नव्हतं? अरे देवा! आणि मी त्याच्यावर तोंड टाकून डाफरले रे!"

तिने घड्या उलगडल्या. कागद घड्यांवर विरला होता, रंग उडाले होते. पण तो गृहस्थ अजून हिरवळीवर गुडघा टेकून होता. ताईने चष्मा वर सरकवला, चित्र दूर धरले आणि निमिषभरही न थांबता म्हणाली, "फरशी पुसताय ती पुसा, पण कोपरे राहू देऊ नका."

मी हसलो. तीही हसली. मी डब्यातली बाकीची चित्रे काढली, आणि ती एकेकाला नवी नावे देत सुटली. मागे पेन्सिलीने लिहिलेली जुनी नावे तिला आठवत नव्हती. पण दोन-तीन वेळा जुने आणि नवे नाव एकच निघाले. फराळाचे तसेच राहिले, चहावर साय धरली.

मध्येच ती थांबली आणि खुर्चीत वळून भिंतीकडे पाहू लागली. भाऊजींचा तो फोटो कारखान्याच्या गेट-पाससाठी काढलेला होता. दुसरा चांगला सापडलाच नव्हता. भाऊजी एका जागी कधी बसत नसत. जेवतानासुद्धा दोनदा उठत. रविवारी मैदानावर टेनिसच्या चेंडूचे सामने असले की पंचगिरी करायला हेच. आणि पंच असून क्षेत्ररक्षकाच्या आधी चेंडूमागे धावत. त्या फोटोत मात्र मान ताठ, ओठ घट्ट, डोळे वटारलेले आणि श्वास धरलेला. वर चंदनाचा हार.

"हे असे नव्हतेच दिसत," ताई म्हणाली. "एकदासुद्धा असे दिसले नाहीत. म्हणून बघवत नाही मला त्याच्याकडे."

मला काय बोलावे सुचेना. ती आणखी थोडा वेळ पाहत राहिली. मग तिच्या आवाजात ते आले, दिवा मालवल्यानंतरचे.

"हेल्मेट न देता शॉर्ट लेगला उभं केलंय बघ ह्यांना."

दिवाळीच्या दिवशी, दिवंगत मेहुण्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर मोठ्याने हसणे कोणत्या शास्त्रात बसते मला माहीत नाही. आम्ही हसलो. ताईच्या डोळ्यांतून पाणी आले, ते तिने पुसले नाही. हसताना तिने भाऊजी चेंडूमागे कसे धावत ते हातवारे करून दाखवले, त्यांची ती एका खांद्याने धावण्याची लकब सांगितली, जेवताना उठण्याची नक्कल केली. दीड वर्षात पहिल्यांदाच त्या घरात भाऊजींविषयी पाण्याच्या टाकीखेरीज काही बोलणे झाले.

निघताना मी डबा तिथेच ठेवला. ती जिन्यापर्यंत आली.

"तुझ्या नऊ धावा फिटल्या," ती म्हणाली. "पण त्या उंदराचं काय करणार आहेस?"

त्याचा विचार मी अजून करतो आहे.